पाऊल जपून, खाली इतिहास आहे!

इटलीतल्या पॉम्पेई शहरात एका घराच्या उंबऱ्याशी, जमिनीवरच, साखळीने बांधलेला कुत्रा आहे. बारीक खडे जोडून केलेला. खाली इशारा : ‘कुत्र्यापासून सावधान!’ दोन हजार वर्षांच्या घरात त्याची राखण अजून चालू आहे. आपल्या बुलडाणा जिल्ह्यात अशा रोमन फरशा नाहीत, पण पायाखालचा ऐवज जराही कमी नाही.

पॉम्पेईची पाहुणी
इ.स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गडप झालेल्या त्याच पॉम्पेईत 1938 साली भारतीय घडणीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती निघाली. तिच्या वळणाची मूर्ती कुठे मिळाली? भोकरदनच्या उत्खननात! तालुका जालना जिल्ह्यातला, पण बुलडाण्याच्या शिवेला लागून.

खारपाणपट्ट्यातलं शहाणपण
संग्रामपूर तालुक्यातलं भोन पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे खाऱ्या भूजलाच्या भागात, वसलंय. डेक्कन कॉलेजच्या उत्खननात इथे सातवाहनकाळची वस्ती, विटांचा स्तूप आणि भाजक्या मातीची कडी एकावर एक रचून केलेल्या विहिरी उजेडात आल्या. पाण्याचा प्रश्न जुना आणि त्यावरची हुशारीही जुनी! ही जागा जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात येते, म्हणून तिची काळजी अधिक.

सिंदखेडराजाचे शेषशायी
जून 2024. जिजाऊंच्या माहेरी, त्यांचे वडील लखुजीराव जाधवांच्या समाधीजवळ पुरातत्त्व खात्याचं जतनाचं काम चालू होतं. आधी जुन्या मंदिराचे दगड लागले, मग सुमारे सव्वादोन मीटर खोलवर शेषावर पहुडलेले विष्णू आणि पाय चुरणारी लक्ष्मी! मूर्ती सुमारे 1.70 मीटर लांब, शिवाय समुद्रमंथनाचं कोरीवकाम.

मेहकरचे बालाजी
1888 साली मेहकरात जमिनीतूनच वर आली शारंगधर बालाजीची भव्य काळी पाषाणमूर्ती. आज मंदिरात तिच्यापुढे उभं राहिलं की मान आपोआप वर जाते.

आकाशातून आलेला पाहुणा
लोणारचं विवर सुमारे 1.8 किलोमीटर रुंद, उल्काघाताने बेसाल्ट खडकात झालेलं. सरोवराचं पाणी खारं, काठावरच्या गोमुखाची धार मात्र गोड्या पाण्याची! गावातलं दैत्यसूदन मंदिर तर चांदणीसारख्या कोनाकोनांच्या आराखड्यावर उभं आहे.

आणि तुमच्या शेतात?
नांगराला जुनी वीट लागली, पाया खणताना कोरीव दगड दिसला, तर हात थांबवा. धुऊ नका, हलवू नका. फोटो काढा आणि तलाठ्याला किंवा तहसीलदारांना कळवा. वस्तू कुठे, किती खोल आणि कशाशेजारी होती यावरूनच तिचा काळ उलगडतो. जागेवरून उचललेली मूर्ती देखणी राहते, पण तिची निम्मी गोष्ट त्या खड्ड्यातच बुजून जाते.