गांवचा तलाव आणि विद्यापीठांतील संशोधन

विद्यापीठांत संशोधन होतें, तें छापून निघतें आणि ग्रंथालयाच्या कपाटांत राहतें. आमच्या बांध्यांशीं त्याचा काय संबंध, असा प्रश्न पुष्कळ शेतकरी बंधूंच्या मनांत असतो. प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर आमच्या जिल्ह्याच्या जुन्या संपत्तीच्या, म्हणजे मालगुजारी तलावांच्या, उदाहरणानें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

भंडारा हा तलावांचा जिल्हा होय. भंडारा, १९९९ सालीं त्यांतून वेगळा झालेला गोंदिया, तसेंच चंद्रपूर व गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजानें व पुढें मालगुजारांनीं ते बांधविले. रचना साधी, परंतु शहाणपणाची. चढावरील रानाचें पाणी मातीच्या पाळीनें अडवावयाचें, तुडुमांतून तें धानाच्या बांध्यांस द्यावयाचें, आणि अधिक झालेलें पाणी सांडव्यावरून खालच्या तलावाकडे जाऊं द्यावयाचें. १९५० च्या कायद्यानें मालगुजारी नष्ट झाली व तलाव सरकारकडे आले. त्यांतील लहान तलावांची व्यवस्था पुढें जिल्हा परिषदेकडे गेली. गांवकऱ्यांचे हक्क निस्तारपत्रकांत नमूद राहिले, परंतु उन्हाळ्यांत पाळ दुरुस्त करविणारा व गाळ उपसविणारा धनी राहिला नाहीं. गाळ सांचला, पाळी खचल्या, बेशरमाच्या झुडपांनीं पात्र व्यापिलें.

यावर तलाव खोल करावा, एवढाच उपाय सर्वांच्या मुखीं असतो. २०१७ सालीं राज्य सरकारनें ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना सुरू केल्यापासून गाळ उपसण्याच्या कामास उत्तेजनही मिळालें. परंतु किती खोदावें, कोठें खोदावें, आणि निघालेला गाळ कोणत्या जमिनींत घालावा, या तीन प्रश्नांस मोजमापाशिवाय उत्तर नाहीं. येथेंच संशोधनाचें काम आहे.

पाण्याचा हिशेब.— तलाव मोठा केल्यानें पाणी वाढत नाहीं. पाणी वाढतें तें चढावरून येणाऱ्या ओघानें. समजा, तलावाकडे १०० हेक्टर रानाचें पाणी उतरतें. त्या रानावरून १ सेंटिमीटर थराइतकें पाणी वाहून आलें, तर तलावांत १०,००० घनमीटर पाणी येतें. धानाच्या १ हेक्टर बांधीस ५ सेंटिमीटरची एक पाळी देण्यास ५०० घनमीटर लागतात. म्हणजे झिरपा व बाष्प वजा न करतां, त्या पाण्यांत २० हेक्टरांची एक पाळी होते. वरचें रान तुटलें किंवा नाला दुसरीकडे वळविला, तर तलाव कितीही खोल असो, तो भरणार नाहीं.

दुसरी गोष्ट तुडुमाची. तुडुमाच्या तोंडाच्या पातळीखालीं जें पाणी सांठतें, तें आपोआप शेतांत येत नाहीं. गुरांस व मासळीस तें उपयोगी पडेल, परंतु पाटानें पाणी घेणाऱ्यास नाहीं. त्यासाठीं खोदण्यापूर्वी तुडुमाचें तोंड, सांडव्याचा माथा व तलावाचा तळ या तिहींच्या उंचीची मोजणी झालीच पाहिजे. स्थापत्याच्या विद्यार्थ्यांस हें काम थोडक्या दिवसांत करतां येईल. पाळीच्या पायथ्याशीं खोदल्यास पाळच खचण्याचें भय असतें, हेंही त्या मोजणींत लक्षांत घेतलें जाईल.

गाळाची परीक्षा.— गाळ म्हणजे सोनें, असें सरसकट म्हणणें योग्य नव्हे. खरडी किंवा बर्डी जमिनींत चिकणमातीचा अंश कमी असतो; तेथें गाळानें ओल धरून राहते. परंतु कन्हार जमीन मूळचीच भारी. तिच्यांत चिकण गाळ घातल्यास निचरा अधिकच मंदावेल. शिवाय तलावाच्या वरच्या थरांत सेंद्रिय द्रव्य असतें, तर खोल गेल्यावर नुसता मुरूम अथवा पांढरी माती लागूं शकते. यासाठीं थरवार नमुने घेऊन त्यांतील चिकणमाती, सेंद्रिय कर्ब व क्षार तपासावे. असें काम डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठाच्या कक्षेंतलें आहे. हें विद्यापीठ १९६९ सालीं अकोल्यास स्थापन झालें, व साकोलीस त्याचें संशोधन केंद्र आहे.

पाण्यांतील वनस्पति.— तलाव हा केवळ पाण्याचा हौद नव्हे. त्याच्या उथळ कांठीं व तळाशीं देशी पाणवनस्पति वाढतात. त्यांवर मासळी व पक्षी जगतात, आणि त्या मासळीवर ढीवर कुटुंबें. सर्व तळ एकसारखा खोल खरवडून काढला, तर उजेड तळापर्यंत पोंचत नाहीं व या वनस्पति नाहींशा होतात. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ या संस्थेनें ढीवरांच्या माहितीच्या आधारें या भागांतील कांहीं तलावांत बेशरम काढून, तळ नांगरून, देशी पाणवनस्पति पुन्हां लावण्याचें काम केलें आहे. कोणती वनस्पति कोणत्या माशास हवी, हें ढीवर पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. त्यांचें ज्ञान व प्राणिशास्त्राची मोजणी एकत्र आल्यास दोघांचाही लाभ आहे. जमीनधारकांनीं ‘तलाव आमच्या सिंचनाचा’ एवढेंच म्हणून ढीवरांस बाजूस ठेवूं नये. तलावाची पाळ एक आहे, तिच्यावर अवलंबून असणारे अनेक आहेत.

येथें एक सावधगिरीची गोष्ट सांगणें अवश्य आहे. चंद्रपूर जिल्ह्यांतील नागभीड तालुक्याच्या नांदेड गांवचे दादाजी खोब्रागडे हे अल्पभूधारक शेतकरी. त्यांनीं १९८३ सालीं आपल्या बांधींत ‘पटेल ३’ धानामध्यें निराळ्या दिसणाऱ्या लोंब्या हेरल्या, त्यांचें बीं वेगळें ठेविलें व वर्षानुवर्षें निवड करून ‘एचएमटी’ हा बारीक तांदुळाचा वाण सिद्ध केला. १९९४ सालीं कृषि विद्यापीठाच्या सिंदेवाही येथील केंद्रानें त्यांच्याकडून बियाणें नेलें, आणि पुढें विद्यापीठाचा ‘पीकेव्ही एचएमटी’ प्रसृत झाला. श्रेय कोणाचें, याविषयीं मोठा वाद झाला. २००५ सालीं दादाजींचा राष्ट्रीय पातळीवर गौरव झाला, व २०१८ सालीं त्यांचें निधन झालें. बीं शुद्ध करण्याचें शास्त्र विद्यापीठाचें, हें खरें. परंतु निवड करणारा डोळा शेतकऱ्याचा होता. आतां २००१ च्या केंद्रीय कायद्यान्वयें शेतकऱ्यास आपल्या वाणाची स्वतः नोंदणी करतां येते. जें वाणाचें तेंच माहितीचें: गांवानें दिलेली माहिती अहवालांत गांवाच्या नांवानें नमूद व्हावी, अशी अट आरंभींच घालावी.

गांव व विद्यापीठ यांचा असा संबंध नवा नाहीं. अमेरिकेंत १८६२ च्या कायद्यानें प्रत्येक राज्यास कृषि व यंत्रविद्येच्या महाविद्यालयांसाठीं जमीन मिळाली, आणि आमचीं कृषि विद्यापीठें त्याच धर्तीवर उभारलेलीं आहेत. हॉलंडांत १९७० नंतरच्या दशकांत विद्यापीठांनीं अशीं कार्यालयें उघडलीं, कीं सामान्य नागरिकांनीं प्रश्न आणावा व विद्यार्थ्यांनीं त्याचा अभ्यास करावा. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेंत १९८५ सालीं ग्रामीण भागाच्या तंत्रज्ञानासाठीं स्वतंत्र केंद्र निघालें; तेथील विद्यार्थी गांवांत जाऊन पाण्याचा अभ्यास करतात. भंडारा जिल्ह्यांतील महाविद्यालयें ज्या नागपूर विद्यापीठाशीं संलग्न आहेत, तें तर १९२३ सालापासून आहे. तेव्हां दार बंद आहे, अशी तक्रार करण्यापूर्वी आपण तें ठोठावलें काय, याचा विचार करावा.

दार ठोठावण्याची रीत अशी. प्रथम गांवांतील वृद्ध, ढीवर व पाणी वांटणारे यांस विचारून तलावाची वही करावी: कोणत्या वर्षीं तो भरला, सांडवा किती दिवस वाहिला, शेवटच्या बांधीस पाणी कोणत्या तिथीपर्यंत पोंचलें, पाळ कोठें झिरपते. नंतर ग्रामसभेंत एकच प्रश्न ठरवून तो लेखी द्यावा. ‘आमच्या तलावाचें कांहीं करा’ हा प्रश्न नव्हे; ‘तुडुमाच्या वर किती पाणी सांठतें, व शेवटच्या दहा बांध्यांस तें कां पोंचत नाहीं’ हा प्रश्न होय. अभ्यासकांस मुक्काम, वही व माहितगार माणूस गांवानें द्यावा. मोबदल्यांत त्यांनीं मराठींत अहवाल लिहून पेरणीपूर्वी ग्रामसभेंत वाचून दाखवावा. पावसाळ्यापूर्वीचीं व पावसाळ्यानंतरचीं मापें हवींत, म्हणून पत्र माघांतच धाडावें.

यंदा ज्यांच्या गांवीं गाळ काढण्याचें काम मंजूर होईल, त्यांनीं यंत्र पात्रांत उतरण्यापूर्वी निदान तुडुमाची उंची व गाळाचे तीन नमुने एवढें तरी करून घ्यावें. एकदां खरवडलेला तळ पुन्हां पूर्ववत् करतां येत नाहीं.