रोमकरांस पत्र शेवटाकडून वाचताना

इ. स. ५७ च्या सुमारास प्रेषित पौल ग्रीसमधल्या करिंथ शहरात गायस नावाच्या गृहस्थाकडे उतरला होता. तो मजकूर सांगत होता आणि तर्तियस नावाचा लेखनिक लिहून घेत होता. त्या काळचे साधे घरगुती पत्र पपायरसच्या एका तुकड्यावर मावे. हे मात्र ग्रीक भाषेतल्या सुमारे सात हजार शब्दांवर गेले. ते जायचे होते रोमला, आणि तिथे पौलाने तोवर पाऊलही टाकलेले नव्हते. मजकूर संपत आल्यावर तर्तियसने स्वतःच्या नावाने एक सलाम त्यात घातला. तो आजही सोळाव्या अध्यायात जागच्या जागी आहे.

मराठी ख्रिस्ती वाचक ज्याला ‘रोमकरांस पत्र’ म्हणतात ते हेच. माणसाचे तारण कशाने होते, या प्रश्नाचा नव्या करारातला सर्वांत विस्तृत ऊहापोह यात आहे. अभ्यासवर्गांत बहुधा पहिल्या अध्यायापासून सुरुवात होते, आठव्यापर्यंत उत्साह टिकतो आणि सोळावा अध्याय नुसती नावांची यादी म्हणून उलटला जातो. खरे तर अभ्यास तिथूनच सुरू व्हायला हवा.

कारण त्या यादीत माणसे आहेत. पौल चोवीस जणांना नावानिशी सलाम सांगतो. त्याआधी तो किंख्रिया बंदरातल्या मंडळीची सेविका फिबी हिची शिफारस करतो. पत्र रोमला तिनेच नेले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. प्रिस्का आणि अक्विल्ला हे तंबू बनवणारे जोडपे आहे, पर्सिस आहे, रूफस आणि त्याची आई आहे. युनिया या स्त्रीचा उल्लेख तर प्रेषितांच्या संदर्भात गौरवाने येतो. पुढे कित्येक शतके अनेक भाष्यकारांनी आणि भाषांतरकारांनी तिला पुरुष ठरवले होते. करिंथहून सलाम धाडणाऱ्यांत नगराचा खजिनदार एरास्त आहे. करिंथच्या उत्खननात १९२९ मध्ये नाट्यगृहाजवळच्या फरसबंदीत एक कोरीव लेख सापडला. एरास्त नावाच्या नगराधिकाऱ्याने ही फरसबंदी स्वखर्चाने केली, असे त्यात नोंदलेले आहे. हा तोच एरास्त का, यावर विद्वानांत एकमत नाही. पण पौल ज्या नगरात बसून बोलत होता तिथल्या पैसा आणि पदाच्या व्यवहाराची ओळख तो दगड नक्की करून देतो.

या माणसांत एक ताण होता. सम्राट क्लौद्याने इ. स. ४९ च्या सुमारास यहूद्यांना रोममधून हाकलले. प्रिस्का आणि अक्विल्ला त्यातच बाहेर पडले होते. इ. स. ५४ मध्ये क्लौद्य वारल्यावर लोक परतू लागले. मधल्या काळात रोमच्या ख्रिस्ती मंडळ्यांत यहूदी नसलेल्यांचे वजन वाढले असणार, असा अभ्यासकांचा तर्क आहे. चौदावा अध्याय वाचला की तो पटतो. कुणी मांस खातो, कुणी फक्त भाजीपाला. कुणी विशिष्ट दिवस पाळतो, कुणाला सगळे दिवस सारखे. एक दुसऱ्याला तुच्छ लेखतो, दुसरा त्याला दोषी ठरवतो. पंगतीत कुणी कुणाबरोबर बसायचे, हा त्या मंडळीपुढचा रोजचा प्रश्न होता.

हे ध्यानात ठेवून आता पहिल्या अध्यायाकडे यावे. मूर्तिपूजक पापी आहेत, असे म्हणून पौल थांबत नाही. दुसऱ्या अध्यायात तो नियमशास्त्र जाणणाऱ्यालाही त्याच रांगेत उभे करतो. तिसऱ्यात निष्कर्ष येतो, की देवापुढे कुणाचाच हिशेब चुकता नाही. नीतिमान ठरणे ही देवाची देणगी आहे आणि ती येशू ख्रिस्तावरील विश्वासाने मिळते. चौथ्या अध्यायातला पुरावा तर वकिली थाटाचा आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात अब्राहामाचा विश्वास नीतिमत्त्व म्हणून मोजला जातो पंधराव्या अध्यायात आणि सुंतेची आज्ञा येते सतराव्यात. म्हणजे सुंता नसतानाच तो स्वीकारला गेला होता. म्हणून तो दोन्ही गटांचा पिता. याकोबाचे पत्र याच अब्राहामाचे उदाहरण घेते, पण इसहाकाला वेदीवर ठेवण्याच्या प्रसंगाकडे बोट दाखवून कृतीवर भर देते. दोन्ही पत्रे शेजारी ठेवून वाचणे हा उत्तम अभ्यास आहे.

क्रियापदांचे काळ तपासणे हा आणखी एक अभ्यास. पाचव्या अध्यायात विश्वासणारे नीतिमान ठरलेले आहेत, पण त्यांचे तारण पुढे व्हायचे आहे. आठव्यात आशेमध्ये तारण झालेलेच आहे. तेराव्यात ते पूर्वीपेक्षा जवळ येऊन ठेपले आहे. तारण म्हणजे एका क्षणी उरकलेला व्यवहार, असे मानणाऱ्याला हे पत्र स्वस्थ बसू देत नाही. कृपा भरपूर आहे तर पाप करत राहावे काय, हा प्रश्न सहाव्या अध्यायात पौल स्वतःच उभा करतो आणि साफ नाही म्हणून सांगतो.

या पत्राने युरोपचा इतिहास हलवला. मार्टिन ल्यूथरने १५१५-१६ मध्ये विटेनबर्ग इथे त्यावर व्याख्याने दिली. ल्यूथरने या पत्राला लिहिलेली प्रस्तावना १७३८ साली लंडनमधल्या एका सभेत वाचली जात असताना जॉन वेस्लीला आपल्या तारणाची खात्री पटली. १९७७ मध्ये नव्या कराराचे अभ्यासक ई. पी. सँडर्स यांनी दाखवून दिले, की पौलाच्या काळचा यहूदी धर्म पुण्यकर्मांनी देवाची मर्जी कमावणारा नव्हता. करार आणि कृपा त्याच्याही मुळाशी होती. ही दुरुस्ती फार गरजेची होती. तरीही कर्मांऐवजी विश्वासावर भर देणारे ल्यूथरचे वाचन मोडीत काढता येत नाही. सातव्या अध्यायातली, हवे ते न करू शकणाऱ्या माणसाची तगमग कल्पनेतून आलेली नाही. पुढे ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग इथे लूथरन आणि कॅथलिक प्रतिनिधींनी नीतिमान ठरवले जाण्याच्या याच विषयावर संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या.

मराठीत नवा करार, आणि त्याबरोबर हे पत्रही, १८११ मध्ये सेरामपूरला छापला गेला. नंतर पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावच्या मुक्ती सदनात संपूर्ण बायबल मराठीत आणले. ते छापण्याचे कामही तिथल्या स्त्रियांनीच केले.

सोळाही अध्याय मोठ्याने वाचायला साधारण तासभर लागतो. ज्यांना अभ्यास करायचा आहे त्यांनी वचने सुटी काढण्याआधी हा तास द्यावा. आधी सोळावा अध्याय, मग चौदावा आणि पंधरावा, त्यानंतर पहिल्यापासून सलग. आणि चौथ्याशी पोचल्यावर उत्पत्तीचे पंधरा आणि सतरा हे अध्याय शेजारी उघडून ठेवावेत.