जुन्या ट्रॅक्टरचे इंजिन : आधी दाबाची तपासणी, मग दुरुस्ती

विदर्भाच्या सीमेला लागून असलेले पांढुर्णा व सौंसर हे तालुके २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळे झाले व त्यांचा पांढुर्णा जिल्हा बनला. तिगाव हे याच भागातील गाव. कापूस व संत्रा ही येथील प्रमुख पिके होत. पावसापूर्वीची मशागत थोड्या दिवसांत उरकावी लागत असल्याने जुना ट्रॅक्टर ऐन वेळी अडून बसल्यास शेतकऱ्याचा हंगामच धोक्यात येतो. अशा वेळी घाईने इंजिन खोलले जाते व पुष्कळदा अनावश्यक खर्च होतो. तो टाळण्याचा साधा उपाय म्हणजे संपीडनाची, अर्थात कॉम्प्रेशनची तपासणी.

संपीडनाचे महत्त्व

डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. पिस्टन सिलिंडरमधील हवा मूळ आकारमानाच्या साधारण सोळाव्या ते अठराव्या हिश्शापर्यंत दाबतो. त्यामुळे हवा सुमारे ५०० अंश सेल्सियसपर्यंत किंवा त्याहून अधिक तापते आणि नोझलमधून फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. रिंगा व लायनर झिजल्यास किंवा व्हॉल्व्ह नीट बसत नसल्यास हवा निसटते, ताप कमी पडतो व इंजिन सुरू होण्यास त्रास देते. निळसर धूर, वंगण तेलाचा वाढता खप आणि ब्रीदरमधून येणारी वाफ ही झिजेची लक्षणे होत.

तपासणीची रीत

प्रथम एअर क्लीनर, डिझेल फिल्टर व टॅपेटचे अंतर पाहावे. बॅटरी पूर्ण भारित असावी. इंजिन सावकाश फिरल्यास दाब खोटा कमी दिसतो. इंजिन गरम करून बंद करावे, डिझेलचा पुरवठा तोडावा व सर्व नोझल काढावेत. फवाऱ्याचे डिझेल कातडी भेदून आत जाऊ शकते, म्हणून हात दूर ठेवावा. नोझलच्या जागी डिझेल इंजिनासाठीचा दाबमापक बसवावा. पेट्रोल इंजिनाचा मापक येथे चालत नाही. स्टार्टरने इंजिन काही फेरे फिरवून प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहून ठेवावा व निर्मात्याच्या पुस्तिकेतील आकड्याशी ताडून पाहावा. सिलिंडरांमधील फरक साधारणपणे दहा टक्क्यांहून अधिक नसावा.

दाब कमी आढळलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर वंगण तेल टाकून पुन्हा मोजावे. तेल अधिक टाकू नये. पिस्टन अडकून मोडतोड होण्याची भीती असते. दाब वाढल्यास दोष रिंगा वा लायनरचा समजावा. न वाढल्यास व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट पाहावे. शेजारच्या दोन सिलिंडरांत दाब एकदम कमी असल्यास त्यांच्यामधील गॅस्केट जळाल्याचा संभव असतो. दोष केवळ हेडमध्ये असल्यास संपूर्ण इंजिन खोलण्याची गरज राहत नाही.

पुनर्बांधणी करताना

इंजिन खोलणे भागच असल्यास भाग धुऊन लायनर व क्रँकशाफ्ट मापाने तपासावेत. नजरेच्या अंदाजावर विसंबू नये. नवी रिंग लायनरमध्ये सरळ बसवून तिच्या टोकांमधील फट फीलर गेजने पाहावी. व्हॉल्व्ह घासून बसवावेत व गॅस्केट नवे घालावे. हेडचे बोल्ट मध्यापासून बाहेरच्या बाजूस, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचने आवळावेत. नव्या रिंगा बसण्यास काही तास लागतात. तोवर ट्रॅक्टरवर जड काम टाकू नये. नंतर वंगण तेल बदलून दाब पुन्हा मोजावा आणि आकड्यांची नोंद जपून ठेवावी. पुढील वेळी तीच मार्गदर्शक ठरते.

झिजेचे एक मोठे कारण धूळ होय. एअर क्लीनर नियमित स्वच्छ ठेवल्यास खर्चाची वेळ लांबते. मध्य प्रदेशातील बुधनी येथे केंद्र शासनाची कृषियंत्र प्रशिक्षण व परीक्षण संस्था १९५५ साली सुरू झाली. गावोगावच्या मिस्त्रींनी व होतकरू तरुणांनी अशा प्रशिक्षणाचा लाभ घेतल्यास अंदाजाची जागा मापन घेईल व शेतकऱ्याचा पैसा वाचेल.