केअर होममधल्या भेटी: बंदीपासून हक्कापर्यंत

दारं का बंद झाली

इंग्लंडमधलं केअर होम आपल्याकडच्या सर्वसाधारण वृद्धाश्रमापेक्षा वेगळं. तिथले बहुतेक रहिवासी परावलंबी, अनेकांना डिमेन्शिया. मार्च २०२० मध्ये कोविड पसरू लागला तसा केअर होमनी भेटींना आळा घातला आणि २ एप्रिलच्या सरकारी सूचनांनी त्यावर शिक्कामोर्तब केलं: अंतकाळासारखा प्रसंग सोडला तर नातेवाइकांनी येऊ नये. तेव्हा लस नव्हती, चाचण्या अपुऱ्या होत्या. पहिल्या काही आठवड्यांच्या बंदीला मी दोष देणार नाही. त्यानंतरचं वर्ष मात्र विसरता येत नाही.

विषाणू कोणत्या वाटेने आला

१७ मार्च ते १५ एप्रिल २०२० या काळात सुमारे २५,००० रुग्णांना रुग्णालयांतून केअर होममध्ये हलवण्यात आलं आणि त्या सगळ्यांची कोविड चाचणी झालेली नव्हती. लक्षणं नसलेल्या अशा रुग्णांना शक्यतो १४ दिवस वेगळं ठेवा, असंही वेळेत सांगितलं गेलं नाही. एप्रिल २०२२ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने हे धोरण बेकायदेशीर ठरवलं.

दुसरी वाट कर्मचाऱ्यांची. ‘विवाल्डी’ या सरकारी पाहणीत असं दिसलं की, जिथे कर्मचाऱ्यांना पगारी आजारपणाची रजा होती तिथे संसर्ग कमी होता आणि जिथे बदली कर्मचारी वरचेवर बोलवावे लागत तिथे जास्त. रजा घेतली की पगार बुडतो, अशी स्थिती असेल तर अंगात ताप असतानाही माणूस कामावर येतो. या दोन्ही वाटा उघड्या असताना बंद झाली ती रोज येणाऱ्या लेकीची वाट.

लेक येऊन काय करते

नियमाने तिला ‘भेटायला येणारी’ म्हटलं. प्रत्यक्षात ती आईला भरवते, श्रवणयंत्राची बॅटरी बदलते, पाय सुजलाय हे कुणाच्याही आधी ओळखते. डिमेन्शिया झालेल्या माणसाला दुखणं शब्दांत सांगता येत नाही. त्याच्या कपाळावरच्या आठीचा अर्थ घरच्या माणसालाच कळतो. अनोळखी हाताने पुढे केलेला घास कित्येक जण तोंडात घेत नाहीत.

यावर पर्याय दिले गेले ते खिडकीपलीकडून भेट, मध्ये काच, व्हिडिओ कॉल. ज्यांना नीट ऐकू येत नाही, पडद्यावरचा चेहरा कुणाचा हे उमगत नाही, त्यांच्यासाठी ही भेट नव्हतीच. मुलगा काचेपलीकडे का थांबलाय, जवळ का येत नाही, हे त्यांना समजावणार कसं? वजन घटणं, बोलणं थांबणं, ओळख पुसली जाणं हे नुकसान संसर्गाच्या आकड्यांत दिसत नाही, म्हणून निर्णय घेताना ते मोजलंही गेलं नाही.

दार किलकिलं झालं

जुलै २०२० मध्ये स्थानिक परिस्थिती पाहून भेटींना मुभा मिळाली, हिवाळ्यात ती पुन्हा आक्रसली. ८ मार्च २०२१ पासून प्रत्येक रहिवाशाला एक ठरावीक माणूस आत भेटू शकला. चाचणी करून, मास्क लावून हात हातात घेता आला. १७ मेपासून ही संख्या पाच झाली.

नेदरलँड्सने वेगळं काय केलं

तिथेही २० मार्च २०२० पासून देशभर बंदी होती. पण ११ मेपासून २६ नर्सिंग होममध्ये एका ठरावीक व्यक्तीला येऊ देऊन संशोधकांनी परिणाम तपासले. त्या निरीक्षणकाळात तिथे नवा संसर्ग आढळला नाही आणि रहिवासी, कर्मचारी दोघांनाही बरं वाटलं. पुढच्या लाटेत देशव्यापी भेटबंदी परत आली नाही. मला यातलं मोलाचं वाटतं ते हे की, त्यांनी धोका आणि दुरावा दोन्ही एकाच वेळी मोजले.

आता कायदा काय म्हणतो

६ एप्रिल २०२४ पासून इंग्लंडमध्ये ‘नियम ९ए’ लागू आहे. अपवादात्मक परिस्थिती वगळता केअर होम, रुग्णालयं आणि हॉस्पिस यांना रुग्णाच्या किंवा रहिवाशाच्या इच्छेनुसार भेटी होऊ द्याव्या लागतात. केअर क्वालिटी कमिशन ही नियामक संस्था त्यावर लक्ष ठेवते. मात्र साथ आली तरी काळजी घेणाऱ्या एका जिवलगाला अडवता येणार नाही, अशी निःसंदिग्ध हमी या नियमात नाही. रहिवाशांच्या कुटुंबांनी चालवलेल्या मोहिमा आजही तीच मागत आहेत.