सावली सर्वांची, खर्च मात्र एकाचा

यंत्र जुने झाले की त्याची किंमत घटते आणि ती घट दरवर्षी हिशेबात धरावी लागते, हे वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही जाणतो. झाडाचे याच्या नेमके उलट आहे. ते जसजसे जुने होते तसतसे अधिक मोलाचे होत जाते. तथापि यंत्राच्या देखभालीसाठी जी तरतूद प्रत्येक कारखानदार करतो, तशी कोणतीही तरतूद घरांच्या अंगणांत आणि गृहनिर्माण संस्थांच्या आवारांत उभ्या असलेल्या जुन्या झाडांसाठी सहसा कोणी करीत नाही. सारा उत्साह नव्या रोपांवर खर्च होतो. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये २ कोटी, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी वृक्षलागवडीचे संकल्प सोडले. त्यांतील रोपे किती जगली, हा प्रश्न पुष्कळांनी विचारला आणि तो योग्यही होता. पण जी झाडे आधीच जगून मोठी झाली आहेत त्यांचे काय, हे क्वचितच कोणी विचारले.

सोलापूर, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर, जळगाव यांसारख्या उष्ण व कोरड्या हवेच्या शहरांत हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. येथे बहुतेक पाऊस चार महिन्यांत पडून जातो आणि उरलेले आठ महिने झाडाला जमिनीतील ओलीवर काढावे लागतात. बैठ्या घरांच्या काळात ही ओल टिकवण्याची व्यवस्था आपोआप होत असे. मोरीचे पाणी परसातल्या आळ्यात जाई, गळलेला पाला जागच्या जागी कुजे, आणि झाडाची निगा हा वेगळा विषयच उरत नसे. आज मोरीचे पाणी बंद गटारात जाते, अंगणात फरशी किंवा पेव्हर ब्लॉक येतात, कूपनलिकांनी भूजलाची पातळी खाली नेलेली असते, आणि पाला कचऱ्याच्या गाडीत जातो अथवा पेटवून दिला जातो. कडुनिंब तोच आहे, चिंच तीच आहे; त्यांच्या चरितार्थाची साधने मात्र एकेक करून काढून घेतली गेली आहेत.

साठ रोपांची बरोबरी

जुने झाड गेले तर नवी लावू, असे म्हणणाऱ्यांनी थोडे अंकगणित करून पाहावे. महाराष्ट्राच्या १९७५ च्या नागरी वृक्ष संरक्षण कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली. पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला, आणि तोडलेल्या झाडाचे जितके वय तितकी नवी झाडे लावण्याची अट आली. दुरुस्ती स्वागतार्ह आहे. परंतु १२ मीटर व्यासाचा पर्णसंभार असलेला साठ वर्षांचा कडुनिंब तोडला आणि त्याबदली १ मीटर व्यासाची साठ रोपे लावली, असे समजा. व्यास बारापट, म्हणजे छायेचे क्षेत्र १४४ पट. साठच्या साठ रोपे जगली तरी लावणीच्या दिवशी सावलीची भरपाई निम्म्याहूनही कमी होते. शिवाय ती रोपे बहुधा त्या गल्लीत लागतच नाहीत. गावाबाहेरच्या एखाद्या मोकळ्या जागेत लागतात. सावली ही गहू-तांदळासारखी गाडीत घालून नेता येणारी वस्तू नव्हे.

झाडाचे मोल रुपयांत मांडण्याचे प्रयत्नही झाले आहेत. पश्चिम बंगालमधील रेल्वे उड्डाणपुलांसाठी तोडावयाच्या झाडांच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०२१ मध्ये एका झाडाचे मूल्य दरसाल ७४,५०० रुपये धरले आणि त्यांपैकी ४५,००० रुपये केवळ प्राणवायूपोटी दाखवले. हेतू चांगला असला तरी ही मांडणी अर्थशास्त्राच्या कसोटीला उतरत नाही. हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू आहे आणि त्याची टंचाई नाही. जिथे टंचाई नाही तिथे किंमत लावण्यात अर्थ नाही. मे महिन्याच्या दुपारी सोलापुरात टंचाई असते ती सावलीची आणि गारव्याची. पश्चिमेची भिंत सावलीत ठेवणारे झाड जे करते, त्यासाठीच माणसे विजेचे बिल भरत असतात. झाडाची किंमत शोधायची तर ती येथे शोधली पाहिजे.

जमिनीखालचा व्यवहार

जुन्या झाडाची निगा खर्चिक आहे, ही समजूत बरीचशी चुकीची आहे. झाडाची अन्नपाणी शोषणारी बहुतांश मुळे जमिनीच्या वरच्या दीड-दोन फुटांच्या थरात असतात आणि पर्णसंभाराच्या घेरापलीकडेही पसरलेली असतात. म्हणून बुंध्याशी रोज तांब्याभर पाणी ओतण्याचा फारसा उपयोग नसतो. घेराच्या कडेशी, जमीन खोलवर भिजेल असे, पण दीर्घ अंतराने पाणी मिळावे लागते. एका कुटुंबाने धुण्याच्या अखेरच्या खळबळीचे दोन बादल्या, म्हणजे ३० लिटर पाणी रोज वाचवले तर महिन्याला ९०० लिटर होते. वीस चौरस मीटर जमिनीवर साडेचार सेंटिमीटर पाऊस पडावा तितके हे पाणी आहे. ते एकाच जागी न ओतता रोज घेराभोवती जागा बदलत ओतावे. सोडा व साबण जास्त असलेले पहिले पाणी मात्र टाळावे, कारण त्यातील क्षार जमिनीत साठत जातात. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून आगगाडीने लातूरला पाणी न्यावे लागले होते. अशा प्रदेशात पिण्याचे पाणी झाडाला घाला, असे कोणी म्हणणार नाही. म्हणूनच एकदा वापरलेल्या पाण्याचे महत्त्व अधिक.

दुसरे काम जमीन उघडी करण्याचे. बुंध्याला भिडलेले काँक्रीट पाणी आणि हवा दोन्ही रोखते. दिल्लीतील झाडांभोवतीचे काँक्रीट १ मीटरपर्यंत काढून टाकण्याचा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्येच दिला होता. मोकळ्या केलेल्या जागेवर झाडाच्याच पाल्याचा तीन-चार इंचांचा थर, बुंध्यापासून थोडा दूर, पसरला की ओल टिकते आणि जमीन तापत नाही. याला पैसा लागत नाही; पाला म्हणजे कचरा, ही समजूत तेवढी सोडावी लागते.

तिसरी गोष्ट छाटणीची. पावसाळ्यापूर्वी घाईघाईने शेंडे उडवून झाडे बोडकी केली जातात. कोरड्या उन्हात अशा झाडाची उघडी पडलेली साल भाजते आणि छाटलेल्या टोकांवर जे फुटवे येतात त्यांचा जोड कच्चा असतो. आज सुरक्षिततेसाठी केलेली छाटणी काही वर्षांनी धोका होऊन उभी राहते. अमेरिकेच्या वनखात्यातील अ‍ॅलेक्स शिगो यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले की झाडाची जखम माणसाच्या जखमेसारखी भरून येत नाही. झाड ती आतून भिंत घालून वेगळी पाडते. म्हणून फांदी तिच्या बुडाशी असलेल्या फुगीर कडेच्या किंचित बाहेर कापावी, ती कड दुखवू नये आणि जखमेवर डांबर फासू नये.

भार कोणावर?

एवढे सोपे असूनही हे होत का नाही? याचे कारण केवळ अज्ञान नव्हे. सावली रस्त्यावरून जाणाऱ्यास, शेजाऱ्यास, भाजीच्या गाडीवाल्यास मिळते; पन्हळीत अडकलेला पाला, भिंतीला गेलेला तडा, वादळात फांदी पडण्याची धास्ती आणि शेजाऱ्याशी होणारी बाचाबाची मात्र एकट्या मालकाच्या वाट्याला येते. ज्याचा लाभ वाटला जातो आणि भार एकावर पडतो, अशी वस्तू समाजात नेहमीच अपुरी पडते. कायदा त्याला फक्त ‘तोडू नकोस’ असे सांगतो. मग झाड आपण होऊन वाळेल अशी वाट पाहणारे मालक निघाले, तर त्यात आश्चर्य मानण्याचे कारण नाही.

वस्तुतः साधन हाताशी आहे. अनेक नगरांत मिळकतकराबरोबर वृक्ष उपकर घेतला जातो. ज्याने सत्तर वर्षांची चिंच सांभाळली तोही तो भरतो आणि ज्याने अंगणभर फरशी घातली तोही. हा न्याय नव्हे. सौर ऊर्जा वा पर्जन्यजल संधारण करणाऱ्यांना काही महापालिका मिळकतकरात सवलत देतात. तीच सवलत नोंदलेले जुने झाड सुस्थितीत राखणाऱ्यास का मिळू नये? वृक्ष प्राधिकरणाने उपकराच्या निधीतून अशा झाडांची ठराविक काळाने तज्ज्ञाकडून तपासणी करावी आणि शास्त्रशुद्ध छाटणी विनामूल्य करून द्यावी. जे झाड खरोखरच धोक्याचे झाले असेल ते काढण्याचा सल्लाही त्याच तज्ज्ञाने निःसंकोचपणे द्यावा. दर पाच वर्षांनी करावयाची वृक्षगणना केवळ झाडे मोजण्यापुरती न राहता त्यांच्या प्रकृतीची नोंद ठेवणारी झाली, तर हे सहज शक्य आहे.

रोप लावण्याचा खर्च आज दिसतो आणि त्याचे श्रेय आजच मिळते. जुने झाड राखण्याचा खर्च थोडा असतो, पण त्याचा समारंभ होत नाही. म्हणूनच तो अंदाजपत्रकात लिहून ठेवावा लागेल. साठ वर्षे वाट पाहून मिळालेले भांडवल एका उन्हाळ्याच्या हयगयीत गमावणे कोणत्याही शहराला परवडणारे नाही.