शितावरून भात

शितावरून भाताची परीक्षा करावी, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. स्वयंपाकघरात ते खरेही आहे. एकाच पातेल्यात, एकाच आचेवर शिजलेले तांदूळ. एक शीत दाबले की सगळ्या भाताची कल्पना येते. वैद्यकात मात्र ही म्हण जपून वापरावी लागते. आपल्यापुढे येणारे रुग्ण एका पातेल्यातले नसतात. हा धडा मला मोठ्या महाविद्यालयाने नव्हे, हुलसूरच्या एका लेकराने शिकवला. स्मरणिकेच्या निमित्ताने तो येथे मांडत आहे.

एम. डी. होऊन मी या सीमाभागात आलो, तेव्हा विंचूदंशाचे रुग्ण नित्याचेच होते. दगडी भिंती, गोवऱ्यांचे ढीग, तुरीच्या पऱ्हाट्या आणि उन्हाळ्यात अंगणात निजलेली मुले! पहिल्या दोन वर्षांत अशी बारा मुले माझ्याकडे आली. सगळी वेदनेने आकांत करीत. दंशाच्या जागी भूल देणारे इंजेक्शन दिले की शांत होत आणि सकाळी हसत घरी जात. त्यावरून मी दोन निष्कर्ष काढले. आपल्या भागातील विंचू फारसा घातक नाही, हा पहिला. आणि वेदना कमी तर धोका कमी, हा दुसरा.

2000 सालच्या वैशाखात रात्री दहाच्या सुमारास एक आजी पाच वर्षांच्या नातवाला घेऊन आल्या. म्हणाल्या, ‘‘डॉक्टरसाहेब, तांबडा इच्चू चावलाय. लेकरू रडंना गेलंय, आंग गार पडलंय.’’ त्यातले ‘रडंना’ एवढेच मी ऐकले. मुलाला एकदा उलटी झाली होती, कपाळावर घाम होता. घामाचे खापर मी उकाड्यावर फोडले आणि गोळी देऊन त्यांना घरी पाठवले. पहाटे ते परत आले, तेव्हा मुलाला धाप लागली होती आणि तोंडातून गुलाबी फेस येत होता. फुप्फुसांत पाणी भरले होते. प्राझोसिन देऊन, प्राणवायू लावून जीपमधून जिल्ह्याच्या ठिकाणी नेले. चार दिवसांनी मूल वाचले. आजींनी माझे पाय धरले, ते मला अजून सलते.

लज्जास्पद गोष्ट अशी की, त्या चारही खुणा तेव्हा छापील स्वरूपात उपलब्ध होत्या. 1976 साली रायगड जिल्ह्यातील महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने माणसे दगावत होती. त्यांच्याजवळ ना मोठी प्रयोगशाळा, ना हजारो रुग्ण. पण त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून तासातासाची नोंद केली. उलटी, भरपूर घाम, गार पडलेले हातपाय आणि पुरुषांत शिश्नताठरता ही हृदयावरील संकटाची पूर्वचिन्हे आहेत, हे त्यांनी 1982 साली ‘लॅन्सेट’मधून जगाला सांगितले. पुढे रक्तदाबावरील प्राझोसिन हे औषध त्यांनी या दंशावर वापरले. 1984 पूर्वी पश्चिम भारतात विंचूदंशाच्या गंभीर रुग्णांपैकी पंचवीस ते तीस टक्के दगावत; प्राझोसिननंतर हे प्रमाण एक टक्क्याच्या खाली आले.

मग प्रश्न पडतो : थोड्या रुग्णांवरून त्यांनीही निष्कर्ष काढला आणि मीही काढला, मग ते बरोबर आणि मी चूक, असे का? त्या घटनेनंतर मी माझी जुनी वही उघडली. बारांपैकी सात नोंदींत विंचवाचा रंगच नव्हता, दंशाची वेळ नव्हती. रक्तदाब तर एकाचाही नव्हता. शिवाय जी मुले घरीच दगावली किंवा परस्पर दुसरीकडे गेली, ती माझ्या वहीत येणार तरी कशी? बहुसंख्य दंश आपोआप बरे होतात, म्हणून विंचू उतरवणाऱ्या मांत्रिकालाही यश येत असते. त्याची आणि माझी चूक एकच होती. बरे झालेले आम्ही मोजले, न आलेले मोजले नाहीत. बावस्कर मात्र वाईट घडलेल्या रुग्णाकडेच अधिक निरखून पाहत राहिले.

त्याहून मोठी गोष्ट पुढची. प्राझोसिनची कीर्ती झाल्यावरही ते थांबले नाहीत. 2011 साली डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह त्यांनी सत्तर रुग्णांवरील चाचणी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केली. अर्ध्यांना केवळ प्राझोसिन, अर्ध्यांना त्यासोबत प्रतिविष. दोन्ही मिळालेले रुग्ण लवकर बरे झाले. आपल्याच औषधाला त्यांनी पुन्हा कसोटीवर घासले! अर्थात सत्तर रुग्णांवरून बरे होण्याचा वेग कळतो. किती मृत्यू टळतात हे ठरवण्यास ती संख्या अपुरी आहे. हेही भान आपण ठेवावे.

आपल्यासारख्या आडगावच्या डॉक्टरांना थोड्या पुराव्यावरच निर्णय घ्यावे लागतात. त्याला इलाज नाही. ‘माझ्या अनुभवात’ असे म्हणताना त्या अनुभवातून कोण गळले, एवढे मात्र स्वतःला विचारता येते. आज माझ्याकडे विंचू चावलेले मूल रडत नसेल, तर मी आधी त्याच्या पायांना हात लावतो. पाय गार असले, घाम वा उलटी असली, तर किलोमागे तीस मायक्रोग्रॅम प्राझोसिन देऊन त्याला आडवे ठेवतो आणि प्रतिविषाची सोय पाहतो. लक्षण नसले तरी चोवीस तास घरी सोडत नाही.

पालकबंधूंनाही एवढीच विनंती, की ‘लेकरू शांत झालंय’ म्हणून निर्धास्त राहू नका. आणि मूल घेऊन आलेल्या आजी जे सांगतात, ते आम्ही डॉक्टरांनी शेवटच्या शब्दापर्यंत ऐकावे. पुरावा कधी कधी तिथेच असतो.