शाळेतली नोकरी आणि पेन्शनसाठी धरली जाणारी वर्षे

आजचे बोलणे शाळेत नोकरी करणाऱ्या सगळ्यांसाठी आहे, वर्गावरच्या बाई, कार्यालयातल्या लिपिक ताई आणि घंटा देणाऱ्या शिपाई मावशींसाठीसुद्धा. निवृत्ती जवळ आली की एक प्रश्न हमखास निघतो: मी इतकी वर्षे राबले, मग कागदावर कमी का भरतात?

कारण पेन्शनसाठी फक्त अर्हताकारी सेवा मोजतात. नियमांनी मान्य केलेली आणि सेवापुस्तकात लिहिलेली सेवा ती अर्हताकारी. अनुदानित शाळांतल्या जुन्या पेन्शनचा हिशेब महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ प्रमाणे होतो. ही सेवा किमान दहा वर्षे भरली तर दरमहा निवृत्तिवेतन मिळते. त्याहून कमी भरली तर एकरकमी उपदान हातावर ठेवतात आणि विषय संपतो.

ग्रॅच्युइटीतही हीच वर्षे लागतात, तीही सहा-सहा महिन्यांच्या तुकड्यांनी. दर सहामाहीला शेवटच्या वेतनाचा पाव हिस्सा, आणि जास्तीत जास्त साडेसोळा पट. वरचे सुटे महिने तीन किंवा जास्त असतील तर ती एक सहामाही धरतात. म्हणजे बावीस वर्षे चार महिन्यांच्या पंचेचाळीस सहामाह्या झाल्या. साठ हजार वेतनावर एक सहामाही सुटली तर पंधरा हजार गेले.

आता रजा. पगारी रजेचा एकही दिवस कापला जात नाही. बाळंतपणाची १८० दिवसांची रजा पूर्ण धरली जाते, तेव्हा ती वजा होते असे कुणी सांगितले तर ऐकू नका. अडचण असते ती असाधारण रजेची, म्हणजे आपल्या बोलीत बिनपगारी रजेची. ती वैद्यकीय प्रमाणपत्रावर घेतली असेल तर सेवेत धरतात. सासूबाईंचे आजारपण, मुलाची दहावी अशा घरच्या कारणासाठी घेतली असेल तर साधारणपणे धरत नाहीत. म्हणून स्वतःच्या आजारपणातली रजा असेल तर सेवापुस्तकातल्या नोंदीत 'वैद्यकीय प्रमाणपत्रावर' हे शब्द आहेत ना, ते डोळ्यांनी पाहा. नुसते 'बिनपगारी रजा' लिहिले असेल तर वीस वर्षांनी ते प्रमाणपत्र शोधायचे कुठे? आणि रजा मंजूर न करता घरी राहणे सगळ्यांत वाईट. तो सेवेतला खंड ठरतो, आणि खंड क्षमापित झाला नाही तर त्याच्या आधीची सेवाही बुडू शकते.

पण बायकांचे सर्वांत जास्त नुकसान राजीनाम्याने होते. यजमानांची बदली झाली, गाव सुटले, की घाईत दोन ओळींचा राजीनामा दिला जातो. नियम सांगतो की राजीनामा दिला की मागची सेवा जप्त. अपवाद एकच: दुसरी पेन्शनपात्र नोकरी धरण्यासाठी, रीतसर परवानगी घेऊन दिलेला राजीनामा. समजा, एक शिक्षिका १९९८ मध्ये अनुदानित शाळेत लागली, २००६ मध्ये 'घरगुती कारणास्तव' लिहून बाहेर पडली आणि २००८ मध्ये दुसऱ्या अनुदानित शाळेत नव्याने रुजू झाली. तिची आठ वर्षे तर गेलीच, वर नवी नेमणूक १ नोव्हेंबर २००५ नंतरची म्हणून जुनी पेन्शनही गेली. त्या तारखेपासून नेमलेल्यांना अंशदान योजना आहे. तिने दुसऱ्या शाळेचा अर्ज पहिल्या शाळेमार्फत पाठवून, परवानगी घेऊन जागा बदलली असती तर गोष्ट वेगळी झाली असती. आमच्या मते हा नियम फार कठोर आहे, कारण गाव सोडण्याचा निर्णय बहुधा तिचा एकटीचा नसतोच. पण आज नियम आहे तो असा. नोकरी कायमची सोडायचीच असेल आणि अर्हताकारी सेवा वीस वर्षे झाली असेल, तर राजीनाम्याऐवजी तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घ्या. तीत पेन्शन राहते.

२००५ च्या आधी लागलेल्या, पण शाळेला शंभर टक्के अनुदान नंतर मिळालेल्या शिक्षकांचा वाद कोर्टात बरीच वर्षे चालला आहे. तुम्ही त्यांतल्या असाल तर नेमणुकीचा आदेश आणि मान्यतेचे पत्र जिवापाड जपा.

विनाअनुदानित शाळेतल्या मैत्रिणींचा हिशेब निराळा. तिथे भविष्यनिर्वाह निधी कापला जात असेल तर त्याबरोबर १९९५ ची कर्मचारी पेन्शन योजना येते. इथेही दहा वर्षांची अट आहे, आणि पेन्शन अठ्ठावन्नाव्या वर्षापासून. सूत्र सोपे आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले वर्षे, भागिले सत्तर. पंधरा हजार पगार आणि चौदा वर्षे, तर महिना तीन हजार. शाळा सोडताना 'पैसे काढून टाक' असा सल्ला मिळतो. दहा वर्षांच्या आत पेन्शनचा हिस्सा काढला की ती वर्षे पुसली जातात. त्याऐवजी स्कीम सर्टिफिकेट घ्या किंवा त्याच यूएएन क्रमांकावर खाते नव्या शाळेत वळवा, म्हणजे जुनी वर्षे नव्यात मिळतात.

अनुदानित शाळेतल्यांनी वर्षातून एकदा मुख्याध्यापकांकडे सेवापुस्तक मागावे. दरवर्षीच्या सेवा पडताळणीची नोंद आणि सही आहे का, माहेरचे नाव आणि सासरचे नाव यांचा मेळ बसतो का, वारसाची नोंद लग्नानंतर बदलली का, हे पाहावे. पुस्तकाची दुसरी प्रत आपल्या घरी असावी. काही राहिले असेल तर तोंडी सांगून सोडू नका. अर्ज दोन प्रतींत करा आणि आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या.